लोफोटेनच्या लाल खोपी

आज ज्या खोलीत दोन पाहुणे आठवडाभर निवांत राहतात, त्याच खोलीत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दहा-बारा मच्छीमार अख्खा हिवाळा काढायचे. एकेका फळीवर दोघं दोघं झोपायचे. मधोमध पेटलेली शेगडी, तिच्यावर वाळत घातलेले लोकरीचे हातमोजे, खुंट्यांना टांगलेले ओले दोर, आणि या सगळ्यावर कॉड माशाच्या तेलाचा दाट वास. नॉर्वेच्या उत्तर भागात, आर्क्टिक वर्तुळाच्याही पलीकडे असलेल्या लोफोटेन बेटांवरच्या या लाकडी खोपींना ‘रोरबू’ म्हणतात. खाली खडकावर रोवलेले खांब, वर लाल रंगाची फळ्यांची घरं, मागे काळा सुळका आणि पुढे हिरवंगार थंड पाणी, असं त्यांचं छायाचित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. त्या चित्राखाली हमखास ‘एकांत’ असं लिहिलेलं असतं. एकांत तिथे आहे, यात वाद नाही. पण तो तिथला मूळ रहिवासी नाही. माणसांची खच्चून गर्दी ओसरल्यावर मागे उरलेला तो एकांत आहे. हे ठाऊक असलं की त्या खोपीत राहण्याची चवच बदलते. म्हणूनच प्रवासाच्या टिपांआधी तिथल्या माशाची आणि माणसांची हकिगत सांगायला हवी.

बोडो या शहरातून सुटणारी बोट वेस्टफ्योर्ड ओलांडून मोस्केनेसला पोचायला साडेतीन-चार तास घेते. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर एक निळसर, दातेरी रेघ दिसू लागते. शंभर किलोमीटरहून लांब पसरलेली बेटं दुरून एकमेकांत मिसळून जातात आणि समुद्रात उभी केलेली एकच तटबंदी भासते. नॉर्वेतले लोक तिला लोफोटेनची भिंतच म्हणतात. बोट जवळ जाते तशी भिंत फुटते, सुळके सुटे होतात, त्यांच्यामध्ये अरुंद खाड्या उघडतात. सर्वांत उंच शिखर ११४६ मीटरचं आहे. आकडा ऐकायला फार मोठा वाटत नाही. पण इथला डोंगर भरतीच्या रेषेपासूनच उठतो, त्याला पायथा असा नाहीच, त्यामुळे आहे त्याहून दुप्पट अंगावर येतो. दगड अडीच अब्ज वर्षांहूनही जुना आणि त्याला आजची धार लावली ती हिमयुगातल्या हिमनद्यांनी. शेतीला जमीन जवळपास नाही, झाडं तुरळक. माणसाला राहायला उरते ती कड्याखालची एवढीशी पट्टी. तीही पुरेना, म्हणून घर अर्धं जमिनीवर आणि अर्धं पाण्यावर काढलेलं.

अशा जागी माणूस राहिलाच का, याचं उत्तर पाण्याखाली आहे. अटलांटिकमधून उत्तरेकडे सरकणारा उबदार प्रवाह या किनाऱ्याला लागून जातो. त्यामुळे लोफोटेनला भर हिवाळ्यातही पारा शून्याच्या आसपास घुटमळतो आणि समुद्र गोठत नाही. जवळपास याच अक्षांशावर सैबेरियातलं वर्खोयान्स्क आहे; तिथे पारा उणे ६७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. या मोकळ्या, सुसह्य पाण्यात दर हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून कॉड माशांचे थवे अंडी घालायला येतात. शेकडो किलोमीटर पोहून आलेल्या या पुऱ्या वाढलेल्या कॉडला तिथे ‘स्क्रेई’ असं वेगळं नाव आहे. एरवी सुस्त असलेला हा मासा या प्रवासाने घट्ट अंगाचा होतो, त्याचं मांस पांढरंशुभ्र आणि पाकळ्यापाकळ्यांनी सुटणारं असतं. जानेवारीत तो वेस्टफ्योर्डमध्ये शिरतो आणि एप्रिलमध्ये परततो. लोफोटेनचा सगळा इतिहास या तीन-चार महिन्यांत घडलेला आहे.

बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, ११२० च्या सुमारास, ऑयस्टाइन राजाने आजच्या काबेलवोगजवळ मच्छीमारांसाठी खोपी बांधून घेतल्या. त्याआधी बाहेरून आलेली माणसं नाव उपडी करून तिच्याखाली झोपत. राजाचा हेतू नुसता दयेचा नव्हता. सुकवलेला कॉड हा तेव्हा नॉर्वेचा मोठा व्यापार होता, त्यावर कर मिळत होता. पुढची आठशे वर्षं व्यवस्था तीच राहिली. नाताळ आटोपला की उत्तर नॉर्वेच्या साऱ्या किनाऱ्यावरून शिडाच्या उघड्या नावा लोफोटेनकडे निघत. प्रत्येक माणसाबरोबर एक लाकडी पेटी असे, तिचं नावच ‘लोफोटेनची पेटी’. घरच्या बाईने तीत चपातीसारख्या मऊ पोळ्या, कडक भाकरी, लोणी, चीज, खारवलेलं मांस, लोकरीचे कपडे भरून दिलेले असत. हंगामभर पुरेल एवढी शिदोरी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एकेका हंगामात तीस हजारांहून जास्त मच्छीमार इथे जमत. आज या बेटांची कायमची लोकवस्ती पंचवीस हजारांच्या आतबाहेर आहे, त्यावरून त्या गर्दीचा अंदाज यावा.

खोपी मात्र मच्छीमारांच्या नव्हत्या. गावाचा धक्का, खोपी, मासळी वाळवण्याची जागा, दुकान, सगळं एका मालकाचं असे. खोपीत राहायचं तर मासा त्यालाच विकायचा आणि तो सांगेल त्या भावाने विकायचा. मीठ, दोर, कॉफी, तंबाखू त्याच्याच दुकानातून उधारीवर. हंगाम वाईट गेला की उधारी पुढच्या वर्षावर. १८५७ च्या कायद्याने समुद्रावरची मालकांची हुकमत संपली, पण भाव ठरवण्याची ताकद त्यांच्या हातून सुटायला १९३८ साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या कायद्याने मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्री संघाला माशाचा किमान भाव ठरवण्याचा अधिकार मिळाला आणि तो आजही चालू आहे. जुन्या गावात फिरताना ही उतरंड रंगांतही वाचता येते. लाल रंग सर्वांत स्वस्त, मातीतल्या लोहयुक्त गेरूत माशाचं तेल कालवून तो घरीच करता येई. म्हणून खोपी लाल. पिवळा त्याहून जरा महाग. पांढरा सर्वांत महाग, म्हणून पांढरंशुभ्र घर दिसलं की ते बहुधा मालकाचं समजायचं.

आणि समुद्र. उघड्या नावेतून, वल्ह्यांच्या जोरावर, हिवाळ्याच्या अंधूक उजेडात माशाच्या मागे जाणं म्हणजे काय, हे फेब्रुवारी १८४९ मधल्या एका दिवसावरून कळतं. त्या दिवशी अचानक उठलेल्या वादळात सुमारे पाचशे मच्छीमार बुडाले. वादळं नेहमीची, पण त्या दिवसाची आठवण अजून काढली जाते. १८९० च्या मार्चमध्ये वेगळीच लढाई झाली. ट्रोलफ्योर्ड ही कड्यांमधली अतिशय अरुंद खाडी माशांनी भरली होती. वाफेच्या बोटींनी तोंडाशी जाळी लावून ती बंद केली आणि आतला मासा आपला म्हणून सांगितलं. शेकडो लहान नावांतले मच्छीमार वल्ही आणि गळ उगारून त्या बोटींवर चालून गेले आणि त्यांनी खाडी मोकळी केली. पुढे तशा जाळ्यांवर कायद्याने बंदी आली. युहान बोयेर या कादंबरीकाराने १९२१ साली लिहिलेल्या कादंबरीत हा प्रसंग आहे, आणि स्वोल्वॅरच्या गुन्नार बर्ग या चित्रकाराने त्याचं मोठं चित्र काढलेलं आहे. पर्यटकांच्या बोटी आज त्याच खाडीत समुद्रगरुड दाखवायला नेतात. गरुड दिसतातच, देखणेही आहेत. पण वाटाड्याने ती लढाई सांगितली नाही, तर आपण विचारावी.

विसाव्या शतकात नावांना इंजिनं आली, मग झोपायला खोली असलेल्या मोठ्या बोटी आल्या. मच्छीमार बोटीतच मुक्काम करू लागले, आणि किनाऱ्यावरच्या खोपी हळूहळू रिकाम्या पडल्या. बेटांच्या बाहेरच्या अंगाला, उघड्या महासागराकडे तोंड करून असलेली छोटी गावं तर पूर्णच उठली. तिथे धक्का बांधता येत नव्हता, रस्ता नेता येत नव्हता. सरकारने स्थलांतरासाठी मदत देऊ केली आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत रेफ्सविकासारखी वस्ती ओस पडली. त्या गावाजवळच्या प्रचंड गुहेत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी लाल रंगात काढलेल्या मानवाकृती आहेत. इतकी जुनी वस्ती एका पिढीत संपली. खरा निर्जन किनारा पाहायचा तर तो हाच. पण त्याला निर्जन म्हणताना आधी कोण राहत होतं ते विसरू नये, एवढंच मला वाटतं.

रिकाम्या खोपी १९६० च्या दशकापासून पाहुण्यांना भाड्याने मिळू लागल्या. सुरुवातीला त्यात पाणीही बाहेरून आणावं लागे. आता आत न्हाणीघर, विजेची शेगडी, गरम होणारी फरशी असते. तरी जुन्या रोरबूची मांडणी हाताला लागते. पूर्वी खोपीचे दोन भाग असत. दारातून शिरल्यावर थंड, न शेकलेला भाग, तिथे जाळी, पिंपं, आमिष. त्याच्या आत राहण्याची शेकलेली खोली. आज बाहेरच्या भागात बूट आणि ओले कोट काढून ठेवतात. फळ्यांच्या भिंती गाठींनी भरलेल्या, खिडकी लहान, छत बुटकं. रात्री अंथरुणावर पडलं की जमिनीच्या फळ्यांखालून पाण्याचा आवाज येतो आणि तो तासातासाने बदलतो. भरतीला पाणी खांबांवर चापट्या मारतं. ओहोटी लागली की आवाज खाली खाली जातो आणि खडकावरचं शेवाळ उघडं पडून खारा, कच्चा वास फटींतून वर येतो. दोन दिवसांत घड्याळाकडे न बघता भरती-ओहोटीची वेळ सांगता येऊ लागते.

खोपी निवडताना एक भेद नीट लक्षात घ्यावा. आज ‘रोरबू’ या नावाने विकली जाणारी अनेक घरं गेल्या काही वर्षांत नव्याने बांधलेली आहेत. ती वाईट नाहीत, उलट अधिक ऐसपैस आहेत. पण त्यात कधी कुणा मच्छीमाराने हिवाळा काढलेला नाही. जुनं घर हवं असेल तर नुसफ्योर्डसारख्या गावी जावं. कड्यांनी तिन्ही बाजूंनी वेढलेल्या चिमुकल्या बंदराभोवतीच्या तिथल्या खोपी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या संधिकाळातल्या आहेत. १९७५ हे युरोपात वास्तुवारसा वर्ष म्हणून पाळलं गेलं, तेव्हा नॉर्वेतून जतनासाठी निवडलेल्या मोजक्या ठिकाणांत नुसफ्योर्ड होतं. रस्त्याच्या अगदी टोकाला ‘ऑ’ हे एका अक्षराचं गाव आहे. तिथे अख्खं गावच संग्रहालयासारखं जपलेलं, १८४४ ची भट्टी असलेल्या बेकरीसकट. राइने आणि हामनॉयचं छायाचित्र सर्वांत प्रसिद्ध, म्हणून गर्दीही तिथेच. मला विचाराल तर घर जुनं की नवं यापेक्षा बंदर चालू आहे की नाही, हे आधी पाहावं. सकाळी बोटी सुटताना इंजिनाच्या आवाजाने झोपमोड होत असेल, तर तुम्ही योग्य गावी उतरला आहात.

मार्चमध्ये गेलात तर त्या बोटी काय घेऊन येतात ते धक्क्यावर उभं राहून पाहता येतं. मासा उतरला की डोकं वेगळं होतं, पोट साफ होतं, गाबोळी एकीकडे, यकृत दुसरीकडे. डोक्यांच्या ढिगाजवळ शाळकरी मुलं उभी असतात. डोकं एका टोकदार खिळ्यावर रोवायचं, सुरीच्या एका फटक्यात जीभ काढायची, डोकं पलीकडे फेकायचं. कॉडची जीभ तिथे मोठी चवीची मानतात आणि ती कापण्याचं काम परंपरेने मुलांचं. त्याचे पैसे त्यांचे स्वतःचे. दहा-बारा वर्षांची पोरं त्यात ज्या वेगाने हात चालवतात, तो पाहण्यासारखा असतो.

मग सारख्या आकाराचे दोन मासे निवडून शेपटीशी दोरीने बांधतात आणि ती जोडी उंच लाकडी मांडवावर टांगतात. वेसावे, मढ किंवा अर्नाळ्याला ज्यांनी बोंबील वाळवण्याची वलांडी पाहिली आहे, त्यांचे पाय इथे आपोआप थबकतात. आपल्याकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात, इथे शेपट्या बांधतात. हिशोब तोच, गाठीच्या दोन्ही बाजूंना वजन सारखं. फरक हवेचा. आपला बोंबील उन्हाने दोन-चार दिवसांत वाळतो. लोफोटेनचा कॉड फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत नुसत्या वाऱ्यावर लटकत असतो. मीठ नाही, धूर नाही. पारा फार उतरला तर माशातलं पाणी गोठून मांस फुटतं, फार चढला तर तो कुजतो आणि माश्या बसतात. शून्याच्या किंचित वर रेंगाळणारी हवा, मधूनच पाऊस, मधूनच ऊन आणि सतत वारा, असं नेमकं हवामान महिनोन्‌महिने टिकणाऱ्या जागा जगात फार थोड्या आहेत. पाच किलो मासा सुकून जेमतेम एक किलो उरतो आणि लाकडासारखा खणखणीत होतो. मग घरात आणून आणखी दोन-तीन महिने मुरवतात. शेवटी पारखी येतो. एकेक मासा हातात घेऊन, उजेडात धरून, वास घेऊन तो वीसएक प्रतींत त्यांची वाटणी करतो. ही नजर यायला वर्षं लागतात.

उत्तम प्रत इटलीला जाते, आणि त्यामागे एक जहाजफुटी आहे. १४३१ साली पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी क्रीटहून दारूची पिंपं घेऊन फ्लँडर्सला निघाला. वादळात सुकाणू गेलं, जहाज भरकटत उत्तरेला गेलं, ६८ जणांपैकी बहुतेक मेले. जानेवारी १४३२ मध्ये उरलेले थोडके लोक रोस्ट बेटांजवळच्या एका ओसाड खडकावर लागले. रोस्टच्या मच्छीमारांना ते सापडले. त्यांनी घरी नेलं, खाऊ घातलं, हिवाळा संपेपर्यंत ठेवून घेतलं. परत गेल्यावर क्वेरिनीने जे लिहून ठेवलं, त्यात या लोकांच्या सरळपणाचं आणि काठीसारख्या सुकवलेल्या माशाचं वर्णन आहे. व्हिचेंझा शहरात दुधात मंद शिजवलेली सुक्या कॉडची भाजी आजही सणाची मानतात. वाळलेली डोकी मात्र नायजेरियाला जातात, तिथल्या रश्श्यांना त्यांचीच चव लागते. १९६७ ते १९७० च्या बियाफ्रा युद्धात उपाशी माणसांसाठी नॉर्वेतून मदत म्हणून हाच मासा गेला होता. न बिघडणारं, हलकं, प्रथिनांनी भरलेलं अन्न दुसरं कोणतं होतं? आपल्या खिडकीसमोर लटकणाऱ्या जोड्यांचा असा लांबचा प्रवास ठरलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धाने या खोपींनाही सोडलं नाही. कॉडच्या तेलातून ग्लिसरीन निघतं आणि ग्लिसरीनपासून स्फोटकं. नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात होता, म्हणून ४ मार्च १९४१ रोजी ब्रिटिश कमांडो स्टामसुंड, हेन्निंग्सवॅर, स्वोल्वॅर आणि ब्रेट्टेस्नेस इथे उतरले आणि तेलाचे कारखाने, टाक्या पेटवून गेले. जाताना तीनशेहून जास्त नॉर्वेजियन स्वयंसेवक त्यांच्याबरोबर निघाले. एका जर्मन बोटीवर एनिग्मा या संकेतयंत्राच्या चकत्या हाती लागल्या, आणि त्या पुढे जर्मन नौदलाचे संदेश उलगडायला उपयोगी पडल्या.

खोपीतून बाहेर पडून बेटाच्या दुसऱ्या अंगाला गेलं की किनारा एकदम रानटी होतो. आतल्या बाजूला बंदरं, दुकानं, रस्ता. डोंगराची खिंड ओलांडली की महासागर आणि वाळू, मधे काहीच नाही. क्वालविका हा असाच एक किनारा. तिथे इंगे वेगे आणि योर्न रानुम या दोन तरुणांनी लाटांनी वाहून आणलेल्या लाकडांची आणि टाकाऊ वस्तूंची झोपडी बांधली आणि हिवाळा धरून नऊ महिने तीत काढले. सूर्य क्षितिजावर न येणारे आठवडेही त्यांनी तिथेच घालवले, लाटांवर स्वार होत. त्या मुक्कामात त्यांनी किनाऱ्यावरून तीन टन कचरा गोळा केला. त्यावरचा त्यांचा माहितीपट २०१२ चा आहे. बेटांच्या या टोकावरच्या डोंगरांना आणि ओस किनाऱ्यांना २०१८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

याच टोकाच्या पलीकडे, वॅरॉय बेटाच्या वाटेवर, मोस्कस्त्राउमेन हा जगातल्या अतिजोरदार भरतीप्रवाहांपैकी एक आहे. वेस्टफ्योर्डमधलं पाणी आणि बाहेरचा समुद्र यांची पातळी भरती-ओहोटीला वेगळी होते आणि उथळ तळावरून पाणी भोवरे खात धावतं. १५३९ च्या जुन्या नकाशावर तो जहाज गिळणारा राक्षसी भोवरा म्हणून काढलेला आहे. एडगर ॲलन पोने १८४१ मध्ये त्यावर गोष्ट लिहिली. ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन निमोची पाणबुडी शेवटी याच भोवऱ्यात सापडते, भा. रा. भागवतांमुळे व्हर्नशी ज्यांची शाळेतच ओळख झाली, त्या वाचकांना हे ठिकाण प्रत्यक्षात आहे याचाच आनंद होईल. प्रत्यक्षात तो गोष्टीतल्यासारखा बोटी गिळत नाही. पण वारा प्रवाहाच्या उलट असला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात आणि स्थानिक मच्छीमार आजही वेळ पाहूनच तिकडे फिरकतात. मासा मात्र तिथे भरपूर, कारण ढवळलेल्या पाण्यात खाद्य वर येतं.

या किनाऱ्यावर हवामान हाच यजमान. सकाळी कोवळं ऊन, दुपारी आडवा बर्फ, संध्याकाळी पुन्हा निरभ्र, असं एकाच दिवसात घडतं. बोटी रद्द होतात, डोंगरावर जायचा बेत मोडतो. ज्यांना रोजचा कार्यक्रम आखून फिरायचं आहे, त्यांनी इथे येऊ नये असं मी स्पष्टच म्हणेन. एका खोपीत किमान चार-पाच रात्री राहावं आणि दोन दिवस हवेला देऊन टाकावेत. उन्हाळ्यात, मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत, सूर्य मावळतच नाही. बहुतेक लोक तेव्हाच येतात. डिसेंबरच्या सुरुवातीपासून महिनाभर तो उगवत नाही. माझी पसंती मार्चला. तेव्हा दिवस जवळपास बारा तासांचा होतो, डोंगर बर्फाने पांढरे असतात, रात्र पुरेशी काळी असल्याने उत्तरेचा हिरवा प्रकाश दिसण्याचा संभव असतो आणि मुख्य म्हणजे बंदर भरात असतं.

नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने प्रत्येकाला मोकळ्या रानावर फिरण्याचा, तंबू ठोकण्याचा हक्क आहे. राहत्या घरापासून दीडशे मीटर दूर राहायचं, साधारण दोन रात्रींपेक्षा जास्त एका जागी थांबायचं नाही, आणि मागे काही ठेवायचं नाही. शतकानुशतकांची ही रीत थोड्या माणसांसाठी होती. गेल्या पंधरा-वीस वर्षांत छायाचित्रं जगभर पसरली आणि उन्हाळ्यात अरुंद रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागू लागली. राइनेवरच्या राइनेब्रिंगेन या ४४८ मीटरच्या डोंगराची वाट इतकी झिजली की ती धोक्याची झाली. शेवटी नेपाळमधून शेर्पा कारागीर बोलावून त्यांच्याकडून दगडी पायऱ्या बसवून घेतल्या, जवळपास दोन हजार. हिमालयातलं हे कसब आर्क्टिकमध्ये पोचलेलं पाहून अभिमान वाटतो. तरी स्वच्छतागृहं, वाहनतळ, कचरा यांचा खर्च छोट्या ग्रामपालिकांना झेपत नाही, अशी तक्रार चालूच राहिली. २०२५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने पर्यटनाचा ताण असलेल्या ग्रामपालिकांना मुक्कामाच्या भाड्यावर तीन टक्क्यांपर्यंत कर लावण्याची मुभा दिली. पाहुण्यांनी तो आनंदाने द्यावा.

खरी काळजी माशाची आहे. लोफोटेनच्या समुद्राखाली तेल असण्याचा अंदाज आहे आणि तिथे खोदायचं की नाही यावर नॉर्वेत कित्येक निवडणुका रंगल्या. कॉडची अंडी इथेच पडतात म्हणून तो भाग आजवर बंद ठेवला गेला, आणि मच्छीमार व पर्यावरणवादी या प्रश्नावर एका बाजूला उभे राहिले. दुसरीकडे कॉडचा साठाच घटतो आहे. नॉर्वे आणि रशिया मिळून दरवर्षी बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडची मर्यादा ठरवतात. २०२५ साठी ती ३ लाख ४० हजार टनांवर आणली गेली, तेव्हा ती १९९१ नंतरची सर्वांत कमी होती. समुद्र तापत चालल्याने अंडी घालण्याच्या जागाही उत्तरेकडे सरकत आहेत. मांडव रिकामे राहिले तर खोपी उरतील, पण त्यांच्यासमोरचं दृश्य नुसतं देखावा होईल. म्हणून माझा आग्रह असा की इथे आलेल्या माणसाने राहण्याएवढाच खर्च माशावरही करावा.

जायचं कसं? शेंगेन व्हिसा लागतो. ओस्लोहून विमानाने बोडो, तिथून बोट. सवड असेल तर ट्रॉनहाइम ते बोडो ही ७२९ किलोमीटरची आगगाडी घ्यावी; दिवसभराच्या त्या प्रवासात गाडी बर्फाच्या पठारावर आर्क्टिक वर्तुळ ओलांडते. १८९३ पासून चालू असलेली किनारी टपालबोट स्टामसुंड आणि स्वोल्वॅरला थांबते, तीही सुरेख. बेटांवर गाडी भाड्याने घेणं सोयीचं, पण हिवाळ्यात खिळेदार चाकांची मागावी आणि एकपदरी रस्त्यावर समोरून कुणी आलं तर ‘एम’ची पाटी असलेल्या रुंद जागी थांबून वाट द्यावी. दुकानं रविवारी बहुतेक बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरावं. उपाहारगृहं महाग आणि हिवाळ्यात थोडी. खोपीत स्वयंपाकघर असतंच, त्याचा उपयोग करावा. पांघरुणांच्या खोळी भाड्यात धरल्या आहेत का, तेही आधी विचारून घ्यावं.

स्वयंपाक काय करायचा हे बंदरच ठरवतं. हंगामात तिथल्या घराघरांत कॉडचे जाड तुकडे, यकृत आणि गाबोळी वेगवेगळी उकडून बटाट्याबरोबर वाढतात. उकळत्या मिठाच्या पाण्यात तुकडे सोडायचे, भांडं शेगडीवरून उतरवायचं, आणि मासा त्या गरम पाण्यातच होऊ द्यायचा. उकळत ठेवला तर पाकळ्या सुटतात. धक्क्यावरच्या दुकानात मासा घेताना यकृत आणि गाबोळी सोबत मागावी, ती ताजी असते आणि एप्रिल संपल्यावर मिळत नाही. आपल्या हाताला सवय आहे तसं हळद-तिखट लावून, तव्यावर कुरकुरीत केलेली गाबोळीही अप्रतिम लागते. कोकम आणि तांदळाचं पीठ मात्र घरून न्यावं.